आठ ब्लाइंड उरल्यावर: ऑल-इनचा अभ्यास कसा करायचा

पोकरची टूर्नामेंट नव्याने खेळायला लागलेली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: "दादा, शेवटी शेवटी चिप्स कमी उरल्या की कुठल्या पानांवर ऑल-इन जायचं?" ऑल-इन म्हणजे उरलेल्या सगळ्या चिप्स एकदम लावणं. प्रश्नाची सुरुवातच उलट्या टोकाने होते. पानांचा नंबर तिसरा. आधी आपल्याकडे किती ब्लाइंड उरलेत ते मोजायचं, मग आपल्यानंतर कोण कोण बोलायचं बाकी आहे ते बघायचं, आणि मग पानं उचलून पाहायची. ब्लाइंड म्हणजे दर डावाला दोघांनी पानं न बघता सक्तीने भरायच्या चिप्स; आपल्याकडच्या चिप्स मोठ्या ब्लाइंडच्या पटीत मोजतात.

आम्ही इंदुरात रामबागेत एका मित्राच्या घरी शनिवारी जमतो. प्लास्टिकच्या चिप्स, दोन कॅट, आणि काकूंनी मध्येच आणून ठेवलेले गराडू, म्हणजे तळलेला कंद. पैसा एकही लावत नाही. गुण वहीत लिहितो: पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०. हे गुण पुढे कामाला येणार आहेत. आणि पैसे लावून मोबाइलवर खेळायचा विचार कोणी करत असेल तर तो इथेच सोडा. २०२५च्या ऑगस्टमध्ये आलेल्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केलेत, आणि त्यात कौशल्याचा खेळ, नशिबाचा खेळ असा भेद ठेवलेला नाही. अभ्यासाला पैसे लागतही नाहीत. वही, पेन आणि पत्ते एवढं पुरतं.

आता हिशोब. स्मॉल ब्लाइंड ५०० आणि बिग ब्लाइंड १०००, शिवाय बिग ब्लाइंडवाल्याने भरायची १००० ची अँटी, म्हणजे आणखी एक सक्तीची भर. म्हणजे कोणी काही बोलायच्या आधीच मधे २५०० पडलेले असतात. तुमच्याकडे ८००० असतील तर ते आठ ब्लाइंड झाले. नुसतं बसून राहिलात तर टेबलाच्या एका फेरीला २५०० जातात, तीन फेऱ्यांत जवळजवळ सगळं साफ. "चांगली पानं येईपर्यंत थांबतो" म्हणणाऱ्याने थांबण्याचं हे भाडं आधी मोजावं.

मित्राचे बाबा जुने रमीवाले. पान चांगलं असल्याशिवाय हात पुढे करायचा नाही, हा त्यांचा खाक्या. एका शनिवारी ते स्मॉल ब्लाइंडवर होते. ५०० भरून समोर ८००० उरलेले, आधीच्या सगळ्यांनी पानं टाकलेली, आणि हातात नव्वी-छक्की, तीही वेगवेगळ्या रंगांची. ते पानं टाकायला निघाले तेवढ्यात मी म्हटलं, "काका, तुमची हरकत नसेल तर आधी मांडून बघू."

टीपॉयवर कुणाची तरी लग्नपत्रिका पडली होती, तिच्या मागेच मांडलं. समोर एकटा बिग ब्लाइंड. तो शंभरातल्या चाळीस हातांवर कॉल करेल, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालून लढेल, असं धरू, म्हणजे साठ वेळा तो पानं टाकेल आणि काकांना मधले २५०० न लढता मिळतील. साठ टक्क्यांचे झाले सरासरी १५००. त्याने कॉल केला तर पॉट, म्हणजे मधला ढीग, होतो १८,००० चा. त्याच्या चांगल्या पानांपुढे नव्वी-छक्की साधारण ३५ टक्के वेळा जिंकते. १८,००० चे ३५ टक्के म्हणजे ६३००. घातले ८०००, म्हणजे कॉल झाल्यावर सरासरी १७०० चा तोटा. पण तो चाळीसच टक्के वेळा, म्हणजे ६८०. पंधराशेतून सहाशे ऐंशी वजा केले की ८२० चिप्सचा फायदा. पानं टाकली तर शून्य.

काका पत्रिका उलटीसुलटी करत म्हणाले, "आणि हा कार्टा काहीही आलं तरी कॉल करणारा असेल तर?"

प्रश्न अचूक होता. समोरचा डोळे मिटून कॉल करणारा असेल तर नव्वी-छक्की कुठल्याही पानांविरुद्ध ४४ टक्क्यांच्या आसपास जिंकते, म्हणजे घातलेले साधारण ८००० च परत येतात आणि हाती काही उरत नाही. तीच पानं, तेवढ्याच चिप्स, फायदा मात्र गायब. शॉर्ट स्टॅकच्या, म्हणजे कमी चिप्सवाल्याच्या, ऑल-इनचा नफा मुख्यतः समोरच्याच्या फोल्डमधून, म्हणजे पानं टाकण्यातून येतो. पानं फक्त विमा आहेत.

म्हणून चिप्स फार कमी होऊ देऊ नयेत. बटणावरून (स्मॉल ब्लाइंडच्या लगेच आधीची जागा) दहा ब्लाइंड, म्हणजे १०,००० ढकलले, ऑल-इन गेलात, तर बिग ब्लाइंडला १२,५०० साठी आणखी ९००० घालावे लागतात. त्याला ४२ टक्के जिंकण्याची खात्री हवी, तेव्हा बरेच हात तो सोडतो. तीनच ब्लाइंड उरल्यावर ढकललेत तर त्याला ५५०० साठी फक्त २००० घालायचे आहेत. २७ टक्के पुरतात. मग दुर्री-सत्तीवरही तो कॉल करेल, आणि बरोबरच करेल. त्या पायरीवर तुमच्या ऑल-इनला कोणी घाबरत नाही. नवे खेळाडू नेमके इथेच पोचेपर्यंत वाट बघतात आणि मग "मला पानंच आली नाहीत" म्हणतात.

एक्क्याबद्दल थोडं. हातात एक एक्का असला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे सहा प्रकार तीनवर येतात, आणि एक्का-राजाचे सोळा प्रकार बारावर. एक्का-तिर्री दिसायला भिकार हात आहे, कॉल झाल्यावर तर बहुतेकदा मागेच असतो, पण समोरच्याचे सगळ्यात खतरनाक हात तो आधीच कमी करतो. उलट अठ्ठी-नव्वी दोन्ही बदामाच्या असल्या तर काही अडवत नाहीत, पण एक्का-राजाने कॉल केला तरी चाळीस टक्क्यांच्या आसपास जिंकतात. दोन्ही प्रकारचे हात ढकलायला ठीक आहेत, कारणं वेगळी आहेत.

कॉल करणं ही मात्र निराळीच गोष्ट. तिथे फोल्डचा नफा नाही. आणि गुण किंवा बक्षीस वाटून मिळणार असेल तर गणित आणखी कडक होतं. आमच्या वहीतलेच गुण घ्या. चौघे उरलेत, चौघांकडे सारख्या चिप्स, गुण ५०-३०-२०, चौथ्याला भोपळा. प्रत्येकाचा वाटा सरासरी २५ गुणांचा. आता एकाने ऑल-इन केलं आणि तुम्ही कॉल केलात. ब्लाइंड हिशोबात धरले नाहीत तर हरल्यास शून्य. जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण वाटा ५० होत नाही, ३८.३ होतो. २५ पणाला लावून ३८.३ मिळवायचे तर ६५ टक्के वेळा जिंकायला हवं. समोरचा पानं न बघता ढकलत असला तरी तुमचा एक्का-राजा जेमतेम एवढाच भरतो. आणि नुसते गराडू खात बसलेल्या उरलेल्या दोघांचा वाटा पंचवीसवरून ३०.८ वर जातो. हे पहिल्यांदा मांडून दाखवलं की मुलं आकडेमोड चुकली असं समजून पुन्हा करतात. करू द्यावी.

चिप्सवरून वाटा काढायच्या या पद्धतीला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. तिचं मूळ सूत्र डेव्हिड हार्व्हिल यांच्या १९७३ च्या शोधनिबंधातलं, घोड्यांच्या शर्यतीत दुसरा-तिसरा कोण येईल याच्या शक्यता काढणारं. किती ब्लाइंडवर कुठले हात ढकलायचे याच्या तक्त्याला पोकरचे लोक नॅश तक्ता म्हणतात, त्याच्यामागचे जॉन नॅश यांनीही १९५१ च्या निबंधात तिघांच्या सोप्या पोकरचं उदाहरण सोडवलंय. तक्ता पाठ करायला माझा विरोध नाही. पण तो समोरचाही अचूक खेळतोय असं धरून बनतो, आणि शनिवारी समोर काका असतात. काका कमी कॉल करतात, त्यांच्यावर जास्त ढकलावं. त्यांचा धाकटा सगळ्यावर कॉल करतो, त्याच्यापुढे नव्वी-छक्की गुपचूप टाकावी.

सरावासाठी एकट्यानेच दोन पानं वाटून घ्या. चिठ्ठ्यांवर जागा आणि ब्लाइंडची संख्या लिहून एकेक उचला: "बटण, सात", "पहिली जागा, अकरा". दहा सेकंदांत ढकल की टाक ते मोठ्याने बोला, लिहा, आणि मग गणित करून पडताळा. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून मागे आठ जण असतात, तिथे जोड्या आणि मोठे एक्के यांच्या फार पुढे जाऊ नका. स्मॉल ब्लाइंडवरून समोर एकटाच असतो, दहा ब्लाइंडवर निम्म्याहून जास्त हात ढकलता येतात. हे दोन टोक हातात बसले की मधल्या जागा लवकर येतात. चौघांत गुणांचा खेळ मात्र एकट्याने होत नाही, त्याला माणसं लागतात. आणि कोणाकडे एकच ब्लाइंड उरलाय यावर एक डोळा ठेवायचा, कारण तो आधी जाणार असेल तर तुमचा कॉल आणखी महाग झालेला असतो.