एकच कमांड, वेगवेगळी उत्तरे : शेल बदलताना या चुका टाळा

टर्मिनलमध्ये नीट चालणारी कमांड स्क्रिप्टमधून किंवा क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सेवेतून) चालवली की वेगळे उत्तर देते, तेव्हा बहुतेक जण ग्रेप, सेड किंवा ऑक या मजकूर शोधणाऱ्या व बदलणाऱ्या साधनांच्या पर्यायांत दोष शोधू लागतात. पहिली चूक इथेच होते. पुष्कळदा मजकूर त्या साधनापर्यंत पोहोचण्याआधीच शेलने, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने, त्यात बदल केलेला असतो. म्हणून कमांड नेमक्या कोणत्या शेलने वाचली, हे आधी ठरवायला हवे.

त्यासाठी 'शेल' (SHELL) या व्हेरिएबलची किंमत छापून पाहणे उपयोगाचे नाही, कारण त्यात लॉगिनसाठी नेमलेल्या शेलचे नाव असते, सध्या चालू असलेल्या शेलचे नव्हे. उबंटूने २००६ मध्ये ६.१० या आवृत्तीपासून 'एसएच' या नावामागे बॅश या शेलऐवजी डॅश हे शेल ठेवले, आणि मॅकओएसने २०१९ मध्ये कॅटालिनापासून नव्या खात्यांना झेडएसएच हे शेल दिले. शिवाय स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश लिहिलेले असले, तरी फाइल 'एसएच' असे पुढे लावून चालवली की ती ओळ निव्वळ टिप्पणी ठरते.

सर्वांत जास्त फसवणारी कमांड म्हणजे मजकूर छापणारी इको. मजकुरात बॅकस्लॅश आणि त्यापुढे एन असेल, तर बॅशचे इको सहसा ती दोन्ही चिन्हे जशीच्या तशी छापते, तर डॅश आणि झेडएसएच तिथे नवी ओळ सुरू करतात. यावर उपाय म्हणून '-ई' हा पर्याय जोडला, तर डॅश तो पर्याय न मानता मजकुराचाच भाग म्हणून छापते, आणि पुढच्या साधनाला ती नको असलेली अक्षरे मिळतात. त्यामुळे ज्या मजकुरात काय असेल याची खात्री नाही, त्यासाठी इको वापरूच नये, दिलेल्या साच्यानुसार मजकूर छापणारे प्रिंटएफ वापरावे. मात्र प्रिंटएफचा पहिला भाग नेहमी आपण ठरवलेला साचा असावा, कारण बाहेरून आलेला मजकूर तिथे ठेवला आणि त्यात टक्क्याचे चिन्ह निघाले, की पुन्हा गोंधळ होतो.

दुसरी मोठी चूक अवतरणचिन्हांची आहे. चौकटी कंस किंवा तारांकन असलेला ग्रेपचा नमुना उघडा, म्हणजे अवतरणचिन्हांविना, लिहिला, तर शेल त्याला फाइलनावांचा नमुना समजते. जुळणारी फाइल नसेल तेव्हा झेडएसएच चूक दाखवून थांबते. बॅश मात्र नमुना तसाच पुढे पाठवते, आणि सगळे ठीक आहे असे वाटत राहते. मग कधीतरी त्या फोल्डरमध्ये जुळत्या नावाची फाइल येते आणि ग्रेपला नमुन्याच्या जागी फाइलचे नाव मिळते. मला बॅशचे हे मौन अधिक धोक्याचे वाटते. नमुना एकेरी अवतरणचिन्हांत ठेवावा आणि व्हेरिएबल दुहेरी चिन्हांत, कारण उघड्या व्हेरिएबलमधील मोकळ्या जागेवर बॅश तुकडे पाडते, झेडएसएच पाडत नाही.

सेडचा फाइल जागेवरच बदलणारा '-आय' हा पर्याय मात्र शेलचा विषय नाही: मॅकओएसवरील बीएसडी सेडला त्यापुढे मूळ फाइलच्या राखीव प्रतीच्या नावाचा प्रत्यय लागतो, लिनक्सवर सहसा असणाऱ्या जीएनयू सेडला तो ऐच्छिक असतो. प्रत्यय पर्यायाला चिकटवून लिहिला की दोन्हीकडे चालतो.

मराठी मजकुरासाठी लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरसंचाची मांडणी, तपासणे अत्यावश्यक आहे. 'मराठी' या शब्दात युनिकोडची ५ चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत त्यांचे १५ बाइट होतात. म्हणून चिन्हे मोजणारी डब्ल्यूसी '-एम' ही कमांड यूटीएफ-८ लोकेलमध्ये ५ आणि प्रत्येक बाइट एक चिन्ह धरणाऱ्या सी लोकेलमध्ये १५ असे उत्तर देते. क्रॉनला आपल्या टर्मिनलचे लोकेल आपोआप मिळत नाही, त्यामुळे ते स्क्रिप्टमध्येच स्पष्ट लिहावे. ओळी क्रमाने लावणाऱ्या सॉर्टचा क्रमही त्यावरच ठरतो.

एवढे करूनही फरक राहिला, तर दोन्ही शेलमध्ये चालणारी प्रत्येक कमांड छापून दाखवणारे 'सेट -एक्स' लावून साधनाला प्रत्यक्ष काय मिळाले ते पाहावे. दोन्हीकडे तेच मिळत असेल, तरच साधनाची आवृत्ती तपासायला घ्यावी.