भिंतीतून येणारा वास: आधी भोक शोधा, रंग नंतर

उन्हाळ्यात शेजारी वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतात आणि ठसका लागतो आपल्या बेडरूममध्ये. भिंतच पातळ वाटते. पण दोन्हीकडून गिलावा असलेल्या विटांच्या भिंतीतून एवढी हवा जात नाही. ती येते स्विचबोर्डाच्या पाइपातून, बेसिनखालच्या भोकातून, चौकटीच्या फटीतून.

खिडक्या लावा, छताचा पंखा आणि गॅस गिझर बंद ठेवा, एक्झॉस्ट सुरू करा. पेटती उदबत्ती सामाईक भिंतीवरच्या प्रत्येक बोर्डाजवळ, पाइपाजवळ धरा. सरळ चढणारा धूर खोलीकडे वळला, की तिथे खडूने खूण करा. मेन स्विच बंद करून वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या आणि पाइपाचं तोंड सीलंटने बुजवा. नळाभोवतीची मोठी भोकं सिमेंट-वाळूने भरा. बारीक फटींना अ‍ॅक्रिलिक सीलंट बरं, कारण सिलिकॉनवर रंग धरत नाही.

वास गटारासारखा असेल तर भिंत सोडा, न्हाणीची जाळी बघा. तिच्याखालच्या ट्रॅपमधलं बोटभर-दोन बोटं पाणीच वास अडवतं. घर महिनाभर बंद राहिलं की ते आटतं. अर्धी बादली पाणी ओता.

भिंतीत मुरलेल्या फोडणीच्या वासाला नुसता रंग पुरत नाही. पावसाळी दमट हवेत वास पुन्हा सुटतो. ५ लिटर कोमट पाण्यात २ चमचे भांड्यांचा लिक्विड साबण घालून भिंत खालून वर पुसा. वरून पुसली तर ओघळांचे डाग पडतात. दोन दिवस वाळवा, मग डाग रोखणारा ऑइल प्रायमर, त्यावर रंग.

सांगलीत गावभाग, हरभट रोड भागात २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या भिंतींना मात्र हा प्रायमर घाईने लावू नका. तिथला कुबट वास गाळाचा आणि बुरशीचा; ओल आत कोंडली की पापुद्रे सुटतात. बोटांनी ठोकून बघा: जिथे पोकळ वाजेल तिथला गिलावा विटेपर्यंत काढा. दीड फुटी प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवा. आतून दव धरलं तर भिंत ओलीच आहे, थांबा. बुरशीला ब्लीचिंग पावडर वापरलीत तर सोबत अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर कधीच नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

भिंत कोरडी झाली, की चुन्याचे तीन पातळ हात द्या, प्रत्येकामध्ये एक दिवस सोडून. चुन्यातून ओल बाहेर पडत राहते आणि त्याच्या क्षारतेमुळे बुरशी सहसा धरत नाही.