चक्रीवादळाआधी सामान कुठे ठेवावं: माळ्यावर तर नकोच

वादळाचा इशारा आला की जो तो सांगतो, 'सामान माळ्यावर चढवा.' हा सल्ला पुराचा आहे. महाड-चिपळूणच्या बाजारपेठेत नदीचं पाणी शिरतं तेव्हा तो बरोबर असतो. चक्रीवादळात घरात पाणी येतं ते आधी छपरातून. ३ जून २०२० ला 'निसर्ग' श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं तेव्हा कौलं, पत्रे उडाले आणि पाऊस थेट माळ्यावर कोसळला. गाद्या, कागदपत्रं, ठेवणीतल्या साड्या, सगळं वर जपून ठेवलेलं भिजलं. त्यामुळे कौलारू किंवा पत्र्याच्या घरात माळा आधी रिकामा करा.

हवामान खातं साधारण ४८ तास आधी सावध करतं आणि २४ तास आधी पुन्हा इशारा देतं. बांधाबांध पहिल्या इशाऱ्यालाच उरका. पाऊस लागल्यावर बांधलेल्या सामानात दमट हवा आतच कोंडते आणि चार दिवसांत बुरशी धरते.

खळ्यातलं आणि पडवीतलं सुटं सामान आत घ्या: खुर्च्या, कुंड्या, शिडी, पत्र्याचे तुकडे. फ्रीज, टीव्ही, इन्व्हर्टरचे प्लग काढा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. फोन चार्ज करा.

आता जागा. न्हाणीघरावर किंवा एखाद्या खोलीवर स्लॅब असेल तर मोलाचं सगळं त्या स्लॅबखाली. स्लॅब नसेल तर माजघर, म्हणजे चहूबाजूंनी भिंती असलेली मधली खोली. समुद्राकडची खोली नको. वारा बाहेर पडावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवा, असंही सांगतात. अजिबात ठेवू नका. आत शिरलेला वारा छपराला खालून उचलतो. काचांवर चिकटपट्टीची फुली मारूनही काच वाचत नाही, फुटली की उलट मोठे तुकडे पडतात. बाहेरून प्लायवूड ठोका.

खरी गोम ताडपत्रीत आहे. बहुतेक जण ती ट्रंकेवर नुसती पांघरतात आणि वर दगड ठेवतात. छप्पर गेलं की वारा खालच्या कडेनं आत घुसतो, ताडपत्री फुगते आणि दगडासकट जाते. वाऱ्याला कड सापडताच कामा नये. आधी दोन विटा किंवा पाट मांडा, कारण दाराखालूनही पाणी येतं. ट्रंकेवर ताडपत्री टाका, दोघांनी ट्रंक उचला, चारही कडा तिच्या बुडाखाली दुमडा आणि ट्रंक त्यांच्यावरच टेकवा. मग नायलॉनची दोरी आडवी आणि उभी आवळा. दोरी बोटानं ओढून बघा, बोट आत जात असेल तर पुन्हा बांधा. एकट्यानं हे नीट होत नाही, शेजाऱ्याला हाक मारा. ताडपत्रीला भोकं असतील तर दुहेरी घ्या. मध्येच वारा पडला म्हणून सोडायला जाऊ नका. तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, असू शकतो आणि नंतरचा वारा उलट दिशेनं येतो. म्हणूनच चारही बाजू सारख्याच घट्ट हव्यात.

कागदपत्रांना वेगळी वागणूक द्या. सातबारा डिजिटल सहीचा पुन्हा मिळतो, आधार डिजिलॉकरमध्ये असतं. जुनं खरेदीखत, मुद्रांकावरचे करार, फोटो मात्र पुन्हा मिळणं कठीण. ते झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड दुमडा आणि फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवा. दाबून बसणारं झाकण असलेल्या स्टीलच्या डब्यात पाणी झिरपतं. लॅमिनेशन करू नका, मूळ कागद कायमचा अडकतो. निवाऱ्यात जायला सांगितलं तर बरणी, औषधं आणि दागिने सोबत न्या. बाकीच्या सामानासाठी घरी थांबू नका.

सगळं बांधण्याआधी प्रत्येक खोलीचे, छपराचे आणि मोठ्या वस्तूंचे फोटो काढून बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवा. वादळानंतर काहीही उचलण्याआधी त्याच जागेवरून पुन्हा फोटो घ्या. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत घर थोडंफार आवरलेलं असतं, आणि मग काय होतं नि काय गेलं हे दाखवायला हेच हाताशी असतं. भिजलेले कागद उन्हात टाकू नका, चिकटलेली पानं ओढू नका. सावलीत, पंख्याच्या किंवा मोकळ्या वाऱ्यावर पसरून ठेवा.