खांद्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालंय? मग या चुका टाळा

मी फिजिओ आहे, रोज खांदेच बघते, आणि रोटेटर कफचं, म्हणजे खांदा धरून ठेवणाऱ्या आणि फिरवणाऱ्या स्नायूंच्या गटाचं, ऑपरेशन झालेले पेशंट घरी जाऊन तीच तीच गडबड करून येतात म्हणून आज लिहूनच टाकतेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुखायचं थांबलं की हात गळ्यात अडकवायचा पट्टा काढून टाकणं. बाहेरून तीन-चार बारीक छेद दिसतात त्यामुळे लोकांना वाटतं ऑपरेशनपण छोटंच. अहो, आतलं काम छोटं नसतं! फाटलेला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट भाग, हाडात अँकर (छोटे खिळ्यासारखे) रोवून दोऱ्यांनी हाडाला बांधलेला असतो, तो नीट धरायला साधारण 12 आठवडे तरी जातात, तोवर सगळी भिस्त त्या दोऱ्यांवर. दुखणं मात्र बऱ्याच आधी कमी होतं, आणि फसतात ते इथेच. माझ्याकडे एक काकू होत्या, पाचवा आठवडा, सगळं छान चाललेलं, आणि एका सकाळी ओली डबल चादर गॅलरीतल्या दांडीवर टाकायला त्यांनी तोच हात वर केला. "अगं दुखतच नव्हतं, म्हटलं एवढ्याने काय होतंय." एमआरआय केला तर टेंडन परत सुटलेला. पाच आठवड्यांची मेहनत एका चादरीपायी गेली, मला अजून हळहळ वाटते. तेव्हापासून पट्टा काढायची तारीख मी सर्जनना विचारून मार्करने पट्ट्यावरच लिहिते, म्हणजे घरातल्या सगळ्यांना दिसते.

दुसरं, पेंडुलम, म्हणजे हात झुलवायचा व्यायाम. पुढे वाकून हात सैल सोडायचा आणि अंग हलवायचं, हात आपोआप झुलतो. लोक खांद्याच्या जोराने गरागरा फिरवतात आणि वर सांगतात शंभर वेळा केलं! मी दंडाला बोट लावून बघते, टणक लागला की तिथेच थांबवते. आणि व्हिडिओ बघून दुसऱ्या महिन्यात डंबेल उचलणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, ताकदीचे व्यायाम तीन महिन्यांच्या आसपास, तेही सर्जननी हो म्हटल्यावर.

झोपताना पाठीमागे उशा लावून अर्धवट बसतं झोपा, कोपराखालीपण एक उशी, आपलं कोपर आपल्याला दिसलं पाहिजे. बोटं, मनगट, कोपर पहिल्यापासून हलवत राहा. सिगारेट बंद. शुगर ताब्यात. खांदा चोळून घ्यायचा नाही, कोणीही कितीही आग्रह केला तरी.

आणि सुरुवातीला खांदा आखडला तर घाबरून ओढाताण करू नका, आखडलेला खांदा बहुतेकांचा सहा महिने-वर्षभरात मोकळा होतो, सुटलेला टेंडन आपोआप परत चिकटत नाही.