'प्रोसेसर गेला' म्हणण्याआधी या चुका टाळा

पीसी मध्येच बंद पडू लागला की 'प्रोसेसर गेला असणार' हे वाक्य ठरलेलंच. बहुतेक वेळा ते खोटं ठरतं. संगणकाच्या सगळ्या भागांत प्रोसेसर सर्वांत क्वचित बिघडतो. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), रॅम, डिस्क आणि मदरबोर्ड त्याच्या कितीतरी आधी जातात. त्यात गोव्याची हवा. किनाऱ्यालगतची खारट आर्द्रता आणि पावसाळ्यातली येणारी-जाणारी वीज यांचा पहिला मार बसतो तो स्लॉट, कनेक्टर आणि एसएमपीएसवर.

डिस्प्ले नाही म्हणजे प्रोसेसर मेला, असं धरणं

पंखे फिरतात, स्क्रीन काळी, मदरबोर्डवरचा 'सीपीयू' लिहिलेला छोटा दिवा पेटलेला. हा दिवा फक्त एवढंच सांगतो की पीसी सुरू होतानाची तपासणी त्या टप्प्यावर अडकली. आधी प्रोसेसरजवळची ८ पिनची पॉवर केबल पूर्ण बसली आहे का ते बघा. मग सगळ्या रॅम काढून एकच पट्टी लावा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर ती प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसते. पट्टीचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबरही चालतो, पण त्याचा भुगा स्लॉटमध्ये सांडला तर नवं दुखणं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टच्या बराच खाली असेल तर तोही बदला.

चवथीला आठवडाभर मूळ घरी जाऊन आल्यावर बंद खोलीतला पीसी सुरू झाला नाही, तर संशय ओलाव्यावर घ्या. प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा, तासभर टेबल फॅनचा वारा लागू द्या आणि रॅम व केबली काढून पुन्हा बसवा. हेअर ड्रायर नको.

गरम होतो म्हणजे खराब झाला, हा समज

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातात, ते तसेच बनवले आहेत. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश. मर्यादा गाठली की प्रोसेसर वेग कमी करून स्वतःला वाचवतो. मे महिन्यात खोलीच ३४ अंशांवर असते, तेव्हा हे लवकर होणार. पण काम सुरू करताच दोन-तीन सेकंदांत तापमान मर्यादेला टेकलं, तर कूलर नीट बसलेला नाही. इंटेलच्या डब्यातल्या कूलरच्या चार पुश-पिनांपैकी एखादी सुटलेली असते, किंवा प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णतावाहक पेस्ट सुकलेली असते. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. दमट हवेत धूळ कूलरच्या पात्यांना चिकटून बसते, नुसत्या फुंकरीने निघत नाही. मऊ ब्रश लागतो.

नोंदी चुकीच्या वाचणं

खऱ्या खुणा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'सिस्टम' या भागात सापडतात. 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक घाबरतात. त्याचा अर्थ पीसी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, इतकाच. वीज गेली तरी ही नोंद पडते. शोधायचा तो 'व्हिया-लॉगर', म्हणजे हार्डवेअरच्या चुकांची नोंद. क्रमांक १८ म्हणजे गंभीर हार्डवेअर चूक, १९ म्हणजे सुधारली गेलेली. नोंद उघडून घटक 'प्रोसेसर कोअर' आहे का आणि 'एपिक आयडी' (कोअरची ओळख सांगणारा क्रमांक) कोणता आहे ते लिहून ठेवा. दर वेळी तोच आयडी आला तर एकच कोअर दुबळा पडला आहे, आणि इथे संशयाला आधार मिळतो. 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' ही निळी स्क्रीन वारंवार येणंही त्याच दिशेला बोट दाखवतं.

मात्र त्याआधी बायोस, म्हणजे मदरबोर्डची मूळ सेटिंग्ज, डिफॉल्टवर आणा. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो, ओव्हरक्लॉक (वाढवलेला वेग), अंडरव्होल्ट (कमी केलेलं व्होल्टेज), सगळं बंद. हे न करता काढलेल्या निष्कर्षाला काही किंमत नाही. मग रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या रात्रभर चालवा. रॅम निर्दोष निघाली तर प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या प्राइम९५ मधली 'स्मॉल एफएफटी' चाचणी तासभर लावा. ती रॅमला फारसा हात लावत नाही. तापमान आटोक्यात असताना तोच वर्कर (चाचणीचा एका कोअरवर चालणारा भाग) पुन्हा पुन्हा चूक दाखवून थांबला, तर आता प्रोसेसरवर बोट ठेवता येईल.

इंटेल १३व्या-१४व्या पिढीकडे दुर्लक्ष

इथे मात्र उलटी चूक होते. या पिढ्यांतल्या, विशेषतः आय७ आणि आय९ डेस्कटॉप प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे कायमची झीज होत असल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. खूण चमत्कारिक आहे: ग्राफिक्स कार्डात भरपूर मेमरी असूनही गेम सुरू होताना 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' येतं, किंवा मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी चूक (फाइलमधला डेटा जुळत नसल्याची) येते आणि तीच फाइल दुसऱ्या पीसीवर सरळ उघडते. लोक ग्राफिक्स कार्ड बदलतात, विंडोज तीनदा टाकतात. ऑगस्ट २०२४ पासूनच्या मायक्रोकोडसह (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्तीसह) आलेलं बायोस टाकाच, पण ते पुढची झीज रोखतं. झालेलं नुकसान भरून काढत नाही. व्होल्टेज वाढवून पीसी तात्पुरता स्थिर करणं तर झीज वाढवणं आहे.

घाईने अदलाबदल

संशयित प्रोसेसर चांगल्या बोर्डात लावून बघा. चांगला प्रोसेसर संशयित बोर्डात नको. इंटेलच्या सॉकेटमधल्या पिना आधी टॉर्चने तपासा, एक वाकडी पिन पुरते. एएम४ सॉकेटच्या रायझनवरचा (यात पिना प्रोसेसरलाच असतात) कूलर थंड असताना सरळ ओढला तर प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी दहा मिनिटं भाराखाली चालवून बंद करा, प्लग काढा, कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवा, मग उचला.

दावा करायचा तर बिल लागेल. इंटेलने वर सांगितलेल्या प्रोसेसरची वॉरंटी तीनवरून पाच वर्षं केली आहे. डब्यातल्या आणि सुट्या प्रोसेसरच्या वॉरंटीची वाट वेगळी असते, सुट्याची बहुधा विक्रेत्यामार्फत. म्हापशा-मडगावच्या दुकानात पीसी जुळवून घेताना बिलावर प्रोसेसरचा अनुक्रमांक लिहून घ्या, आणि पेस्ट लावण्याआधी त्याच्या झाकणावरच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा.