जेरी बर्डची स्टील गिटार कशी ऐकावी

स्टील गिटार, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवायची गिटार, लागली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: समुद्रकिनारा, माडांची झाडं आणि लोण्यासारखी घसरत जाणारी मींड. ती मागे चालू राहते, पुढे गप्पा चालू राहतात. जेरी बर्ड या अमेरिकन स्टील गिटारवादकाच्या ध्वनिमुद्रणांचं याच गोडव्यानं नुकसान केलंय. कान मींडेवर लुब्ध होतो, आणि ती कुठून सुटली, नेमकी कुठे टेकली, टेकल्यावर स्वर कसा संपला, हे निसटतं. बर्डची सगळी कारागिरी या तीन जागांत आहे.

बर्डचा जन्म १९२० मध्ये ओहायोतल्या लायमा गावचा. १९४०–५० च्या दशकांत कंट्री संगीतात नाव झालं, १९७२ मध्ये तो होनोलुलूला राहायला गेला आणि जे वाद्य मुळात हवाईचं, ते हवाईतल्याच पुढच्या पिढीला शिकवत राहिला. १९७८ मध्ये स्टील गिटार हॉल ऑफ फेममध्ये पहिलं नाव त्याचं लागलं. २००५ च्या एप्रिलमध्ये होनोलुलूतच तो गेला.

पायरी १: आधी साथ ऐका, मग एकल वादन

नवे श्रोते थेट त्याच्या एकल तबकड्यांकडे वळतात आणि चौथ्या ट्रॅकपर्यंत कंटाळतात, कारण सलग गोड काहीही ऐकलं तरी कान बधिर होतोच. सुरुवात अमेरिकन कंट्री गायक हँक विल्यम्सच्या गाण्यांपासून करा. ‘लव्हसिक ब्लूज’ (२२ डिसेंबर १९४८) आणि ‘आयॅम सो लोन्सम आय कुड क्राय’ (३० ऑगस्ट १९४९) ही दोन्ही गाणी सिनसिनाटीच्या हर्झॉग स्टुडिओत मुद्रित झाली आणि दोन्हींत स्टील बर्डची आहे. दुसरं गाणं आधी घ्या. तीन मात्रांचा संथ ठेका आहे, आणि गायकाची ओळ संपून पुढची सुरू होईपर्यंतच्या फटीत वादकाला जेमतेम दोन-चार स्वरांची जागा मिळते. एवढ्याशा जागेत काय बोलायचं आणि काय सोडायचं, ते इथे स्वच्छ कळतं.

इथे एक गल्लत हमखास होते. या गाण्यांत फिडल, म्हणजे व्हायोलिनही आहे, आणि जुन्या मुद्रणात लांब स्वर कुणाचा ते चटकन ओळखू येत नाही. खूण सोपी आहे. फिडलचा स्वर गजानं ओढलेला असतो, मध्यावर तो फुगू शकतो. स्टीलची तार एकदा छेडली की तिचा आवाज विरतच जातो. सुरुवातीला बारीकसा ‘टक्’ आणि मग उतार, तर ती स्टील.

त्यानंतर मर्क्युरी लेबलवरची त्याची एकल गाणी, मग ‘बर्ड ऑफ पॅरडाइज’ (मॉन्युमेंट, १९६१) आणि सगळ्यांत शेवटी हवाईत स्थायिक झाल्यानंतरची ध्वनिमुद्रणं. एका बैठकीत चार गाण्यांपलीकडे जाऊ नका.

पायरी २: प्रत तपासून घ्या

जुन्या मुद्रणांच्या प्रती सारख्या नसतात. १९४० च्या दशकातली गाणी मोनो आहेत. पुढे काही कंपन्यांनी ती ‘स्टीरिओ’ म्हणून पुन्हा काढली: एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला तार सप्तक, वर थोडा घुमारा. अशा प्रतीत स्वराची सुरुवात धूसर होते. शक्यतो मूळ मोनो शोधा, आणि स्पीकरवर ऐकणार असाल तर एकच स्पीकर चालू ठेवा.

दुसरी अडचण खरखर काढण्याची. ती जास्त झाली की खरखरीबरोबर नखीचा ‘टक्’ही जातो आणि स्टील ऑर्गनसारखी वाटू लागते. दोन प्रतींपैकी एकीत थोडी खरखर असेल आणि दुसरी अगदी शांत असेल, तर बेधडक खरखरीची घ्या.

वेगही बघा. ७८ फेऱ्यांची तबकडी ८० च्या वेगानं उतरवली गेली असेल तर सगळं गाणं सुमारे ४४ सेंट (अर्ध्या स्वराचे १०० सेंट), म्हणजे जवळजवळ पाव स्वर चढतं. ट्यूनर लावून ‘वादक बेसूर आहे’ असा निकाल देण्याआधी बाकीची वाद्यं तेवढीच चढली आहेत का ते पाहा. सगळीच चढली असतील तर दोष तबकडी उतरवणाऱ्याचा. घरी प्रत्यक्ष ७८ ची तबकडी वाजवायची असेल तर सुई बदलावी लागते: ७८ साठी साधारण ३ मिल, म्हणजे ७६ मायक्रॉन टोकाची. एलपीची सुई त्या रुंद खाचेत थेट तळाला टेकते आणि तळातला कचराच वाजवत बसते.

मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकूच नका. सहा तारी सी-सिक्स्थ ट्यूनिंगमध्ये (तारा लावण्याची एक पद्धत, चौथ्या पायरीत ती येईल) सर्वांत जाड तार १३१ हर्ट्झच्या आसपास लागते. एवढासा स्पीकर ती धड देत नाही, आणि दोन स्वरांच्या जोडीतला खालचा स्वर गायब होतो. साधा हेडफोनही पुरेल.

पायरी ३: पंधरा सेकंद, तीनदा

गाणं एकदा पूर्ण ऐका. मग स्टीलचा एक १५ सेकंदांचा तुकडा निवडून त्याची आवर्तनं लावा.

पहिल्या खेपेला फक्त स्वराचं तोंड ऐका. बार (तारांवर सरकवायची धातूची कांडी) आधी जागेवर टेकून मग तार छेडली आहे, की खालून घसरत स्वर गाठला आहे? नवशिका प्रत्येक स्वर खालून गाठतो, कारण तशी चूक झाकली जाते. बर्डचे कितीतरी स्वर थेट जागेवर येतात. त्यामुळे एखादी मींड जेव्हा येते तेव्हा ती मुद्दाम घेतलेली असते.

दुसऱ्या खेपेला कंप. तो स्वराबरोबरच सुरू होतो, की स्वर टेकल्यावर, थोडं थांबून? त्याचा मध्य कुठे आहे? बार फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरची, स्वराची जागा दाखवणारी आडवी पट्टी) रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखा हलला तर स्वर जागेवर राहतो, एकाच बाजूला हलला तर तो चढलेला किंवा उतरलेला वाटतो.

तिसऱ्या खेपेला शेवट ऐका. हा भाग सगळ्यांत अवघड आहे आणि बहुतेक जण तो टाळतात. बारमागे तारा मोकळ्या राहिल्या तर त्याही कुजबुजतात, म्हणून डाव्या हाताची मागची बोटं त्यांवर टेकवून ठेवावी लागतात. उजव्या हातानं नको असलेली तार वेळीच दाबावी लागते. दोन स्वरांमध्ये खरी शांतता ऐकू आली तर ती शांतता हातानं घडवलेली आहे. आपोआप ती कधीच मिळत नाही.

पायरी ४: तिरका बार ओळखा

सी-सिक्स्थच्या तारा जाडीकडून बारकीकडे, सी ला सा मानून, अशा लागतात: सा ग प ध सा ग. हे ट्यूनिंग रूढ होण्यात बर्डचा मोठा वाटा आहे. आता बारकीकडून मोजत दुसरी तार (सा) आणि तिसरी तार (ध) एवढ्या दोनच घ्या आणि स्वरांच्या जोड्या चढवत न्या:

रे–म: बार सरळ, ५ व्या फ्रेटवर.
ग–प: सरळ, ७ व्यावर.
म–ध: इथे सरळ बार चालत नाही. तिसरी तार ८ व्या फ्रेटवर आणि दुसरी ९ व्यावर हवी. बार तिरका करावा लागतो, टोक घोडीच्या दिशेला.
प–नि: पुन्हा तिरका, १० आणि ११.
ध–सा: परत सरळ, १२ व्यावर.

कागदावर हे सोपं दिसतं. पण फ्रेटमधलं अंतर वर जाताना कमी होत जातं. २२.५ इंच लांबीच्या तारेवर ८ ते ९ हे अंतर सुमारे २० मिलिमीटर, तर १० ते ११ सुमारे १८. म्हणजे लागोपाठच्या दोन तिरक्या जागांतही कोन बदलतो, आणि तो डोळ्यांनी मोजायला वेळ नसतो. बर्डच्या एकल वादनात अशा जोड्या एकामागून एक येतात. कान लावायचा तो तिरक्या जागेवर पोहोचल्याच्या क्षणी: दोन्ही स्वर एकदम जुळले, की एक आधी आणि दुसरा मागून ओढला गेला? हे एकदा ऐकू यायला लागलं की आधी फक्त ‘गोड’ वाटणारा तुकडा छातीत धडकी भरवतो.

हातात साधी गिटार असेल तर हे करून बघता येतं. बारकी ई तशीच ठेवा, बी अर्ध्या स्वरानं चढवून सी करा, जी एका स्वरानं चढवून ए करा. सी-सिक्स्थच्या वरच्या तीन तारा तयार झाल्या. जी हळूहळू चढवा आणि चेहरा दूर ठेवा, जुनी तार तुटू शकते. गिटार मांडीवर आडवी घेऊन गुळगुळीत, जड धातूची कांडी तारांवर टेकवा. दाबायची नाही, नाहीतर तार फ्रेटला लागून खडखडते. कांडी फ्रेटच्या मागे नको, बरोबर धातूच्या रेषेवर हवी. अर्ध्या तासात दोन जोड्याही सुरात लागणार नाहीत. पण त्यानंतर तीच तबकडी ऐका.

पायरी ५: पेडल आहे की नाही?

१९५४ च्या सुमारास बड आयझॅक्सच्या वादनामुळे पेडल स्टील (पायानं पेडल दाबून निवडक तारांचा सूर बदलता येणारी स्टील गिटार) लोकप्रिय झाली आणि पुष्कळ वादक तिकडे गेले. बर्ड गेला नाही. कानानं फरक असा ओळखायचा: पेडलमध्ये एक स्वर खांबासारखा स्थिर राहतो आणि त्याच्या शेजारचा सरकतो. साध्या स्टीलवर सरळ बार सरकला की सगळे स्वर बरोबरीनं सरकतात, आणि एकच हलवायचा असेल तर बार तिरका होताना दुसऱ्यालाही किंचित धक्का लागतो. तो धक्का जितका कमी, तितका हात मोठा.

आणखी दोन खुणा. घंटेसारखा, एकदम सप्तकभर वर उडालेला स्वर आला तर बारच्या पुढे १२ फ्रेटच्या अंतरावर उजव्या हाताचा हलका स्पर्श करून तार छेडलेली असते. बार सरकला की स्पर्शाची जागाही तेवढीच सरकते, म्हणून असे चार स्वर सलग स्वच्छ आले तर दाद द्यायला हरकत नाही. आणि सरगम चढताना मागचे स्वर पुढच्यांत मिसळून वीणेसारखे झंकारत राहिले, तर बहुधा ते बर्डनंच बसवलेलं सी डायाटोनिक ट्यूनिंग: ग म प ध नि सा ग. शेजारच्या तारा सरगमीतच असल्यामुळे बार न हलवताही चाल पुढे सरकते.

पायरी ६: वेग कमी करा, पण बेतानं

सूर न बदलता वेग ७० टक्क्यांवर आणा. पन्नासच्या खाली गेलात तर सॉफ्टवेअर मींडेचे तुकडे जोडायला लागतं आणि पायऱ्या ऐकू येतात. त्या वादकाच्या नसतात. त्याहून सावकाश हवं असेल तर सूरही खाली जाऊ द्या. अर्ध्या वेगात सगळं एक सप्तक खाली येतं, पण मींड अखंड राहते.

पायरी ७: गुरू आणि शिष्य शेजारी ठेवून

बर्ड ज्याचं वादन ऐकत घडला त्या डिक मॅकिन्टायरची एखादी तबकडी, मग बर्ड, मग त्याचा शिष्य अ‍ॅलन अकाका, असे तिघे एका बैठकीत लावा. तिघांची चाल एकच असेल तर उत्तम, नसली तरी लय संथ असू द्या. शिष्याच्या वादनात मींडेचं वळण तसंच आलंय का हे शोधत बसू नका, तेवढं कुणीही उचलतो. तिसऱ्या पायरीतला शेवट ऐका: स्वर कुठे सोडला, तार कधी दाबली, पुढच्या स्वराआधी किती थांबला.