नवी डंखरहित माशी शोधताय? आधी नर गाठा

डंखरहित मधमाश्यांवर संशोधन करायला आलेल्या मुलांना लगेच जंगल गाठायचं असतं. मी त्यांना आधी गावातल्या जुन्या भिंती बघायला लावते. दगडांच्या फटीतून डिंक-मेणाची काळपट नळी बाहेर आलेली दिसली की समजायचं, आत पोळं आहे. कामकरी माशी असते जेमतेम चार मिलिमीटरची. डंख मारत नाही, पण केसांत शिरून चावते. टोपी घाला.

खरी अडचण पुढे. फ्रेडरिक स्मिथ यांनी १८५४ मध्ये श्रीलंकेतल्या माश्यांवरून आयरिडिपेनिस या प्रजातीचं वर्णन केलं, आणि पुढे आपल्याकडची दिसेल ती बारीक काळी माशी त्याच नावावर खपवली गेली. कामकऱ्यांचे पंख, पाठीवरच्या केसांचे पट्टे, डोळा आणि जबड्यातलं अंतर हे सगळं मोजायचंच. पण त्यावर निकाल लागेलच असं नाही, कारण जवळच्या प्रजातींच्या कामकरी एकमेकींसारख्या दिसतात. निकाल बहुधा लागतो तो नराच्या जननेंद्रियांवर. म्हणून पोळ्यासमोर नरांचा थवा घोंगावताना दिसला तर जाळी काढा. मात्र बाहेरचे नर दुसऱ्या पोळ्यांतूनही आलेले असतात, त्यामुळे त्यांची कुपी आणि चिठ्ठी वेगळी ठेवायची.

नराचं पोट पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ करायचं, मग ग्लिसरीनच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक सुईने अवयव सोडवायचे. हे शिकायला भरपूर मिळणाऱ्या माश्या वापरा, दुर्मीळ नमुन्यावर हात बसवू नका. काही माश्या डीएनएसाठी ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये वेगळ्या काढा. एवढ्याशा अंगात टाचणी खुपसायची नाही, कागदाच्या त्रिकोणी टोकावर चिकटवायची. स्थळ, तारीख, पोळ्याची जागा नसलेला नमुना माझ्या लेखी कचरा.

मग वाचन. डंखरहित माश्यांच्या वर्गीकरणावरचे साकागामी यांचा १९७८ चा आणि रासमुसेन यांचा २०१३ चा निबंध समोर ठेवा, जुन्या प्रजातींच्या मूळ नमुन्यांशी ताडून बघा. ‘नवी’ वाटलेली माशी बरेचदा इथेच जुनी निघते. खरंच नवी असेल तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार असलेला मूळ नमुना, ठरवायचा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला ते निबंधात लिहायचं. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीतली नोंदणी लागते. शिवाय जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना नेमलेल्या संग्रहालयाला देणं बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं कार्यालय पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे निबंध पाठवण्याआधीच चौकशी करा. अभयारण्यात जाळी घेऊन शिरायचं तर वनखात्याची परवानगी त्याहूनही आधी.